नंदी मागच्या अंगाला

औंढा नागनाथला दर्शन उरकून लगेच एसटी गाठणाऱ्यांची मला कीव येते. हे गाव पायी बघायचं. आधी देवळाला बाहेरून सावकाश चक्कर मारा. खाली काळ्या दगडात यादवकाळची शिल्पं, थरावर थर. वर मात्र नंतरच्या काळातलं पांढरं चुनेगच्ची बांधकाम, जुन्या पैठणीला मांजरपाटाचं ठिगळ लावावं तसं. नंदी समोर शोधू नका, तो मागच्या अंगाला आहे. संत नामदेवांना कीर्तनासाठी देवळाच्या मागे पिटाळलं, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरलं, असं इथं कुणीही सांगेल. गाभाऱ्यात अरुंद पायऱ्यांनी खाली उतरावं लागतं. डोकं आपटलं की नमस्कार आपोआप घडतो (माझा घडला). नामदेवांचे गुरू विसोबा खेचर त्यांना भेटले ते इथंच, असं मानतात. आणि याच तालुक्यात दुधाळ्याजवळ आता लायगो ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजा, केंद्राने एप्रिल 2023मध्ये मंजूर केलेले 2,600 कोटी, आणि काम काय, तर दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीची थरथर टिपायची! तिकडच्या माळावर सावली कमी. सकाळी लवकर निघा, पाण्याची बाटली भरून घ्या.