काऊन हासून राह्यले?

आमच्या अमरावतीच्या कॉलनीत हल्ली हसणं सकाळी सहा ते साडेसहा या वेळात होतं. नळाचं पाणी, दुधाची पिशवी आणि हसणं, तिन्ही साधारण एकाच सुमारास. मैदानात पंधरा-वीस निवृत्त मंडळी गोल करून उभी राहतात, हात आभाळाकडे नेतात आणि पुढारी 'एक, दोन, तीन' म्हणाला की एकदम 'हा हा हा' करतात. पहिले आठ दिवस कुत्री भुंकली. आता तीही सरावली. साडेसहाला हसणं संपतं, मंडळी आपापल्या चपला शोधतात आणि चेहरे पूर्ववत करून घरी जातात. वाटेत कोणी रामराम केला तरी हसत नाहीत. दिवसाचा कोटा संपलेला असतो.

या हास्यक्लबाचा सभासद व्हा म्हणून माझ्यामागे लकडा लागला आहे, आणि मी होणार नाही. का होणार नाही ते दर सकाळी फाटकाशी उभं राहून सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. वऱ्हाडच्या माणसाला हसणं शिकवू नका, हसण्याची वेळ नेमून देऊ नका, आणि तो आपला आपण हसला तर काऊन हासले म्हणून त्याची चौकशीही लावू नका. बस्, एवढंच.

क्लबवाल्यांवर अन्याय नको, म्हणून त्यांचा इतिहासही सांगतो. १३ मार्च १९९५ रोजी मुंबईच्या एका बागेत डॉ. मदन कटारिया यांनी पाच माणसांनिशी हा उद्योग सुरू केला आणि पुढे तो जगभर पसरला. सुरुवातीला ही मंडळी एकमेकांना विनोद सांगून हसत. पण दोन आठवड्यांतच चांगले विनोद संपले, उरलेल्यांनी लोक दुखावू लागले, तेव्हा डॉक्टरांनी विनोदाशिवायच हसायचं असा तोडगा काढला. फुप्फुसांना व्यायाम होतो हे मला कबूल आहे. मात्र ज्या गावात १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे आणि जिथले गडी १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकला जाऊन मल्लखांब करून आले, त्या गावात फुप्फुसांसाठी हसायची पाळी यावी, याचं मला जरा वाईट वाटतं.

आणि विनोद संपले म्हणजे काय हो? दोन आठवड्यांत? हे मुंबईला होत असेल. ज्याला असली टंचाई भासते त्याने अमरावतीच्या स्टँडवरून अकोल्याच्या एसटीत बसावं. शंभर किलोमीटरच्या आतबाहेरचा रस्ता. बडनेरा, लोणी, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू. अकोला येईस्तोवर पोट दुखलं नाही, तर तिकिटाचे पैसे माझ्याकडून घेऊन जावे.

मागच्या खेपेचीच गोष्ट. बडनेऱ्याला एक आजी चढल्या. पंचाहत्तरीच्या वरच्यांना एसटीचा प्रवास २६ ऑगस्ट २०२२ पासून फुकट झाला आहे, तेव्हा कंडक्टरने रीतीप्रमाणे आधार कार्ड मागितलं. आजींनी लुगड्याच्या ओच्यातून पिशवी काढली, पिशवीतून दुसरी पिशवी काढली, तिच्यातून कार्ड काढलं, डोळ्यांपासून हातभर लांब धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "कार्ड त हाय बाप्पा, पन थ्याच्यावरचा फोटू माहा नाई वाटत."

कंडक्टर म्हणाला, "आजी, तुमचाच हाय."

"असन. पन मी इतकी म्हतारी कुठी हावो?"

आता त्याने काय करावं? म्हातारी नाही म्हटलं तर तिकीट फाडावं लागेल, आणि म्हातारी आहे म्हटलं तर आजींचा अपमान. पठ्ठ्याने शून्य रुपयाचं तिकीट काढून हातात ठेवलं नि म्हणाला, "आजी, सरकार म्हनते म्हतारी. मी नाई म्हनत." आजींनी तिकीट निरखून पाहिलं आणि पुन्हा विचारलं, "या फुकटच्या तिकिटाले शीट भेटते, का उभ्यानंच फुकट हाय?" अख्खी गाडी हसली. कानात बोंडं घालून बसलेला कॉलेजचा एक पोट्टाही हसला, म्हणजे बोंडांतून त्याला सगळं ऐकू येत होतं, आणि पकडला गेल्यामुळे त्यालाच उठून जागा द्यावी लागली. एक-दोन-तीन कोणी म्हटलं नव्हतं.

याच रस्त्यावर २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं आणि त्याचं नाव गिनीज बुकात गेलं. त्याआधी हाच रस्ता कित्येक वर्षं उखडून पडला होता. माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी या विश्वविक्रमावर एकच शेरा मारला, "इतकी घाई होती त आंदीच सांगाचं होतं ना." मूर्तिजापूर आलं की शकुंतलेचा विषय निघतोच. मूर्तिजापुराहून एकीकडे यवतमाळ नि दुसरीकडे अचलपूर अशी धावणारी ही छोट्या रुळांची गाडी. तिचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला घडलं, १९२३ साली कामावर रुजू झालं आणि १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झालं. सत्तर वर्षं नोकरी केली बिचाऱ्याने, कोणी वय विचारलं नाही. पुढे डिझेल आलं, तरी फाटक आलं की गाडीतलाच माणूस खाली उतरून ते लावायचा, गाडी पुढे गेली की उघडायचा आणि पुन्हा चढायचा. आता गाडी बंद आहे. गोष्टी मात्र अजून वेळेवर सुटतात.

अकोल्याला माझे मेहुणे असतात. मे महिन्यात दुपारी चारला त्यांचा फोन येतो, "काय म्हणते तुमची अमरावती?" मी म्हणतो, चव्वेचाळीस. पलीकडून दयार्द्र आवाज येतो, "बस्?" आणि मग, पोरगा मेरिटला आल्याचं बाप सांगतो ना, तशा संकोचाने ते म्हणतात, "आमचं पंचेचाळीस पार झालं बुवा." घामाने निथळत असतानाही मला हसू येतं, त्यांनाही येतं. जागतिक हास्यदिन मेच्या पहिल्या रविवारी असतो म्हणे. हा मुहूर्त काढणारा अकोल्याचा नसावा.

पण सगळ्याच हसण्याची मला तक्रार नाही असं समजू नका. एका हसण्याची आहे, आणि ते क्लबातल्या हसण्याहून वाईट आहे.

पुण्याहून सौभाग्यवतींच्या मावसबहीण आल्या होत्या. दोघी भाजीला गेल्या. भाजीवालीने वांगी मोजली आणि विचारलं, "सांभार टाकू काय ताई?" ताई म्हणाल्या, "नको हो, आम्ही इडली नाही करणार." भाजीवाली चकित होऊन म्हणाली, "बाप्पा! इडलीत कोन टाकते?" आणि तिने जुडी उचलून दाखवली. ताई ओरडल्या, "अय्या, कोथिंबीर!" मग भाजीवालीने तोंडाला पदर लावला, ताईंनी रुमाल लावला, आणि दोघी मिळून इतक्या हसल्या की त्या दिवशीचा सांभार फुकट मिळाला. कोण कोणाला हसलं हे ठरवायला पंच बसवले असते तरी सांगता आलं नसतं. हे हसणं मी डोक्यावर घेऊन नाचायला तयार आहे.

मात्र त्याच ताई संध्याकाळी पोहे खाता खाता मला म्हणाल्या, "भाऊजी, वऱ्हाडीत काहीतरी बोलून दाखवा ना! मज्जा येते!"

आता काय बोलून दाखवू? मी काय दारात उभा केलेला नंदीबैल आहे, मान हलवून दाखवायला? भारत गणेशपुरे आमच्याच अमरावतीकडचे. ते टीव्हीवर वऱ्हाडी बोलतात, लोक हसतात, आणि आम्हाला त्याचा अभिमान वाटतो, कारण ते बोललेल्या गोष्टीवर हसवतात. वर्षानुवर्षांचा रिवाज त्याच्या उलट होता. नाटक-सिनेमात 'करून राह्यलो' म्हणणारा गडी तरी असायचा नाहीतर हवालदार, आणि त्याने 'काऊन' म्हटलं की प्रेक्षक लोळायचे. त्यात 'काऊन'ला हसण्यासारखं काय आहे? 'का' मध्ये जे विचारलं जातं तेच त्यात विचारलं जातं, फक्त जास्त आपुलकीने. कितीतरी जणांना अजूनही वाटतं की लक्ष्मण देशपांडे यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' आमच्यावर आहे. अहो, ते वऱ्हाड लग्नाचं, आणि बोली मराठवाड्याची. आम्ही लंडनला निघालो असतो तर आधी मूर्तिजापूरला चहा घेतला असता.

ज्या बोलीला हसता, त्या बोलीच्या मुलखात मराठीचा पहिला गद्य ग्रंथ लिहिला गेला हे निदान माहीत असू द्या. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, ज्यांनी चक्रधरस्वामींना पाहिलं-ऐकलं होतं त्यांना विचारून विचारून, लीळाचरित्र तिथे सिद्ध केलं. आणि स्वामींचे गुरू गोविंदप्रभू, त्यांच्याही लीळा लिहून ठेवल्या. त्या वाचाच कधी. प्रभू कोणाच्याही घरात शिरताहेत, खायला मागताहेत, पोरांशी खेळताहेत, रुसताहेत. सगळं रोजचं, किरकोळ, आणि वाचताना ओठ आपोआप फाकतात. नागदेवाचार्यांनी तर संस्कृतचा आग्रह धरणाऱ्यांना निक्षून सांगितलं की तसं केलं तर साध्या बायाबापड्या वंचित राहतील. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी अभिजात ठरली, रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठही आहे. म्हणजे आजी लुगड्याच्या ओच्यातून जे बोलल्या ते अभिजात, असं मी धरून चालतो. कोणाला हरकत असल्यास विद्यापीठात कळवावी.

आणि गाडगेबाबा? शेंडगावला जन्म, १८७६ चा. दिवसभर खराट्याने गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात माणसं झाडायची. बाबा साध्या वऱ्हाडी बोलीत लोकांना प्रश्न विचारीत, लोक उत्तर देत, त्या उत्तरातून बाबा दुसरा प्रश्न काढीत. कर्ज काढून सणवार करणारा, नवसाला बकरं कापणारा, दारूत घर बुडवणारा, सगळे समोर बसून हसत असत, आणि हसता हसता कधीतरी एकेकाचं हसणं थांबत असे. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीजवळ वलगावला ते गेले. सकाळच्या 'हा हा हा' मध्ये हसणं थांबण्याची सोयच नाही, शिटीच वाजते.

आता क्लबवाल्यांचा हुकमाचा एक्का. पुढारी परवा माझ्या फाटकावर हात ठेवून गंभीरपणे म्हणाले, "काका, आपल्या भागात नैराश्य किती आहे, रोज पेपरात वाचता ना? म्हणून तर हसायची गरज आहे." हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. वाचतो मी पेपर. २००६ च्या जुलैत पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम हे अख्खं वऱ्हाड होतं, आणि सहावा वर्धा. पॅकेज आलं, समित्या आल्या, कॅमेरे आले. पेपरात कास्तकारांच्या बातम्या तरी अजून येतातच. कापसाला भाव नाही, बँक दारात उभं करत नाही, पाऊस बोलावला तेव्हा येत नाही, आणि यावर उपाय म्हणून कास्तकाराने पहाटे हात वर करून हसावं? त्याला हसता येत नाही म्हणून तो मरत नाही हो. उलट, बाहेरच्यांच्या लेखी वऱ्हाडी माणसाला दोनच तोंडं आहेत, विदूषकाचं नाहीतर मयताचं. मधला जो रोजचा, भाजी घेणारा, एसटीत बसणारा, मेहुण्याला डिग्री विचारणारा माणूस, त्याचा फोटो कोणी घेत नाही.

दर्यापूर तालुक्यातले माझ्या ओळखीचे एक कास्तकार आहेत. पूर्णाकाठचा खारपाणपट्टा तो, जमिनीतलं पाणीच खारं. त्या पॅकेजच्या दिवसांत एक कॅमेरावाले त्यांच्या वावरात आले होते. तिघं माणसं, एक छत्री. कास्तकाराला धुऱ्यावर बसवलं, डोक्याला हात लावायला सांगितला. त्यांनी लावला. पण जन्मात असं बसले नव्हते, त्यामुळे त्यांना हसू फुटलं. छत्रीवाला म्हणाला, "काका, हसू नका प्लीज." पुन्हा डोक्याला हात. पुन्हा हसू, आता बांधापलीकडून बायकोचंही. ते म्हणाले, "हासू नोको म्हन्ता, बराबर हाय तुमचं. हासलो त लोकायले वाटन कर्ज फिटलं."

चौथ्या खेपेला काम जमलं. दमलेल्या कॅमेरावाल्याने प्यायला पाणी मागितलं. काकांनी विहिरीचं काढून दिलं. त्याने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं करून थुंकला, "अहो, हे खारट आहे!"

"मंग?" काका म्हणाले. "आमच्या इकडं जमिनीलेच रडाची सवय हाय साहेब. आमाले काऊन सांगून राह्यले?"

कॅमेरा तेव्हा बंद होता. काकूंनी घरातून नळाच्या पाण्याचा तांब्या आणला आणि तिघांनाही जेवायला थांबवून घेतलं.