वीट एकच, भाव दोन



नगरपालिकेचे पुढारी वर्षाचा अहवाल वाचतात: रस्ते झाले, नळ आले, चौक सजला, घरकुले उभी राहिली. टाळ्या पडतात. आम्ही एकच हिशेब मागतो.

२०१५ च्या शहरी घरकुल योजनेत स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, असे अडीच लाख ठरले. २०१६ च्या ग्रामीण योजनेत आपल्या सपाट मुलखाला १ लाख २० हजार. रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी आणि संडासाचे १२ हजार वेगळे. २०२५ मध्ये राज्याने आणखी ५० हजार वाढवले. सगळे जोडा, तरी अडीच लाख भरत नाहीत.

सिमेंटचे पोते खेड्यात स्वस्त मिळते काय? उलट तालुक्याहून आणण्याचे भाडे वर बसते. आमच्या कापसावर शहराची बाजारपेठ फुलते, आणि भिंत बांधायची वेळ आली की आमचेच माप आखूड!

शहरातल्या गरिबाशी आमचे भांडण नाही. तोही कालचा कोरडवाहू शेतकरीच. भांडण या दोन मापांशी आहे. पुढारी पालिकेचा असो की जिल्हा परिषदेचा, अहवाल घेऊन आला की हे दोन आकडे त्याच्यापुढे ठेवा. मेहेरबानी नको, माप एक करा.