आयकॉनखालची मराठी

हातखंब्याच्या तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गाला रत्नागिरीचा रस्ता मिळतो. तेथली पाटी धावत्या एसटीतून वाचता यावी एवढ्या मापाची असावी, हे सांगावे लागत नाही. तेच ‘हातखंबा’ हे नाव एखाद्या फाइलला देऊन ती संगणकाच्या डेस्कटॉपवर ठेवावी. आयकॉनखालची बारीक पांढरी अक्षरे, त्यांची सावली आणि मागचे निसर्गचित्र यांच्या गर्दीत ‘ख’वरचा अनुस्वार हरवतो. या अक्षरांचे रूप बदलणे ही सजावटीची हौस समजली जाते. माझ्या मते हा वाचनाचा, म्हणून मराठी विभागाचा प्रश्न आहे.

मराठीचे प्राध्यापकही फाइलींना रोमन नावे देतात. आत ग्रामीण कादंबरीवरचा प्रबंध, बाहेर ‘चॅप्टर थ्री फायनल’, तेही रोमनमध्ये! या सवयीला इतिहास आहे. शिवाजी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. त्यामुळे मराठी दस्तऐवजाच्या आतच नांदे; आयकॉनखाली ती निरर्थक रोमन अक्षरे होऊन उतरे. आयकॉनचाच फाँट ‘शिवाजी’ करावा, तर सगळी इंग्रजी नावे अगम्य देवनागरीत दिसू लागत. युनिकोड आणि विंडोज २०००बरोबर आलेला ‘मंगल’ फाँट यांनी ही अडचण दूर केली. ‘मंगल’ हे र. कृ. जोशी या आपल्याच अक्षरकलावंताचे काम. कारण गेले, सवय मात्र राहिली.

तरीही ‘मंगल’मधला ल आणि श हिंदी वळणाचा. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने या अक्षरांची मराठी रूपे निश्चित केली. पण फाइलच्या नावासोबत भाषेची नोंद नसते, केवळ वर्णांचे संकेतांक असतात, आणि ‘ल’चा संकेतांक दोन्ही भाषांना एकच. रूप ठरवतो तो फाँट. वळणाचा प्रश्न एक वेळ अभिरुचीचा म्हणून सोडून देता येईल. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांचे काय? एकात समुद्र, दुसऱ्यात डोंगरांमधली खोली. भेद केवळ रफार आणि आडव्या रकाराचा. छोट्या मापात हा भेद ठिपक्याएवढा उरतो. इंग्रजीला वर-खाली एवढी चिन्हे वागवावी लागत नाहीत. तिच्यासाठी पुरेसे असलेले माप देवनागरीला अपुरे पडते, एवढे साधे हे गणित आहे.

आणि येथे वापरणाऱ्याचा अधिकार वाढण्याऐवजी आक्रसला आहे. विंडोज एक्सपी आणि सेव्हनमध्ये आयकॉनच्या अक्षरांचा फाँट व आकार निवडता येई. आठव्या आवृत्तीपासून फाँटची निवड गेली. २०१७मध्ये स्वतंत्र आकारही गेला. विंडोज ११मध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’तील सरकपट्टीने सगळ्याच मजकुराचा आकार वाढवता येतो. फाँट बदलायचा, तर रजिस्ट्रीत हात घालावा लागतो. तो धोका मराठीच्या प्राध्यापकाने पत्करावा असे मी म्हणणार नाही.

मात्र निसर्गचित्र काढून एकरंगी गडद पार्श्वभूमी ठेवावी, सरकपट्टी थोडी पुढे न्यावी. इतके केल्यावर ‘हातखंबा’वरचा अनुस्वार दिसू लागतो. मग विभागाच्या सामाईक संगणकावरील प्रश्नपत्रिका, टाचणे आणि प्रबंध यांची नावे देवनागरीत लिहायला कोणती अडचण उरते, हे विभागाच्या पुढच्या बैठकीत विचारून पाहावे.