अमेरिकन बिअर आणि मेसची आमटी

शीर्षक वाचून रेक्टर मॅडमनी लगेच संपादकांना बोलावून घेऊ नये, ही नम्र विनंती. मी वीस वर्षांची आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात, वर कायद्यानं परवानाही लागतो. अमेरिकेतही २१च. म्हणजे प्रस्तुत लेखिका दोन्ही देशांत कायदेशीररीत्या अननुभवी आहे. पण मत द्यायला अनुभव लागतो असं कुणी सांगितलं? आपल्या कट्ट्यावर भारताची क्रिकेट टीम रोज निवडली जातेच की!

वाद सुरू झाला तो एका सीनियरमुळे. "बडवायझर अमेरिकन आहे, क्वालिटी असणारच," असं त्यानं ठासून सांगितलं. माझा मावसभाऊ तिकडं एमएस करतोय. त्याला विचारलं तर म्हणतो, "इथली नेहमीची बिअर म्हणजे मेसची आमटी गं!" आता यातलं खरं काय?

आधी 'अमेरिकन'चं बघू. बडवायझर सेंट लुईसमध्ये १८७६ साली सुरू झाली, ती जर्मनीहून आलेल्या अॅडॉल्फस बुशनं. नाव घेतलं चेक गावावरून. २००८ पासून मालकी बेल्जियममधल्या कंपनीकडं, आणि आपल्याकडं मिळणारी बाटली भरली जाते भारतातच. सीनियर पैसे मोजतो ते नक्की कुठल्या अमेरिकेचे?

आता आमटी. बिअर म्हणजे मटकीला आणतो तसे मोड सातूला आणायचे (मी कॉन्व्हेंटची, बार्लीला सातू म्हणतात हे आजीकडून कळलं), ते वाळवून त्याचा गोड काढा करायचा, कडवटपणासाठी हॉप्सची फुलं घालायची आणि पुढचं काम यीस्टवर सोडायचं. इस्लामपूरच्या ऊस पट्ट्यात वाढलेल्यांना मळीचा वास माहीत आहे, आंबवणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. अमेरिकेतल्या सहा-ओळी सातूत प्रोटीन जास्त, त्यामुळे बिअर गढूळ व्हायची. म्हणून त्यात मका किंवा तांदूळ घालू लागले. बिअर स्वच्छ झाली, हलकी झाली, चव मात्र कमी झाली. मग १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी. छोटे कारखाने बुडाले, मोठे तगले, आणि सगळ्यांची चव एकसारखी होत गेली. १९७५ पासून तर 'लाइट' बिअर देशभर विकायला लागले. म्हणजे पातळ आमटीत आणखी एक तांब्या पाणी!

इथं मात्र मला मावसभावाचं पटत नाही. आपल्याला क्वालिटीच्या दोन व्याख्या शिकवतात. क्रॉस्बी म्हणतो, ठरवलेल्या स्पेसिफिकेशनला उतरलं की झाली क्वालिटी. जुरान म्हणतो, वापरणाऱ्याच्या कामाला आलं पाहिजे. क्रॉस्बीच्या हिशेबानं अमेरिकन बिअर पहिल्या वर्गात पास! वेगवेगळ्या शहरांतल्या कारखान्यांत, वेगवेगळ्या सालच्या पिकांतून तीच चव काढायची, ही काय खायची गोष्ट आहे? शिवाय तांबड्या रश्शात कूकची चूक लपते, साध्या वरणात लपत नाही. हलक्या बिअरचं तेच. जरा काही बिघडलं की लगेच जिभेला कळतं.

आणि एम-थ्रीत आपला जीव खाणारी टी-टेस्ट आली कुठून? डब्लिनच्या गिनीज बिअर कारखान्यातून. तिथल्या गॉसेटला थोड्याशा नमुन्यांवरून निष्कर्ष काढायचे होते. कंपनी नाव छापू देईना, म्हणून १९०८ साली त्यानं पेपर लिहिला 'स्टुडंट' या टोपणनावानं. बिअरवाल्यांचे आपल्यावर असे जुने उपकार आहेत, पेपर अवघड करण्याचे.

पण मेसची आमटीसुद्धा सोमवारची आणि गुरुवारची ओळखू येत नाही. क्रॉस्बीच्या हिशेबानं तीही पास! म्हणून मला जुरान जास्त जवळचा वाटतो. कॅम्पसला कंपन्या येतात तेव्हा साठ टक्के, नो बॅकलॉग, इस्त्रीचा फॉर्मल शर्ट, सगळे एका बॅचच्या बाटल्यांसारखे रांगेत उभे. त्या दिवशी क्रॉस्बीच जिंकतो. आपल्यात कुणाला काय वेगळं येतं, हे त्या लेबलवर नसतंच.

अमेरिकेत मात्र हे बदललं. १९७०च्या दशकात शंभराच्या आत उरलेले बिअर कारखाने आज नऊ हजारांच्या वर गेलेत. एक मोठं कारण साधं होतं: १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांच्या सहीनं घरी बिअर करायला केंद्राच्या कायद्यानं मोकळीक मिळाली. लोक गॅरेजमध्ये प्रयोग करायला लागले, काहींनी पुढं कारखाने काढले, आणि आता तिथल्या कडू बिअरची नक्कल जगभर होते. ही लाट पुण्यातही पोचली. २००९ साली तिथं 'डूलाली' सुरू झाली. नाव इंग्रजी वाटतं, पण ते आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचं. बोटीची वाट बघत तिथल्या छावणीत पडून कंटाळलेल्या गोऱ्या सोल्जरांमुळे 'वेडसर' या अर्थानं तो शब्द इंग्रजीत गेला.

तर सीनियर दादा, 'अमेरिकन' म्हणून जास्तीचे पैसे देऊ नकोस, आणि पातळ आहे म्हणून नावंही ठेवू नकोस. मावसभाऊ दिवाळीला येतोय. काय आणू म्हणून विचारत होता. मी चॉकलेटच सांगितलंय. कस्टमवाले एक वेळ सोडतील, मावशी बॅग उघडल्याशिवाय सोडत नाही.