पूर्वजांचें ताट आणि आपली भाकरी

धान्य वर्ज्य करून लोणी, तूप व मांस यांवर राहावें, कारण आदिमानव तसाच जगे, असा उपदेश हल्लीं खेड्यापर्यंत पोहोंचला आहे. आमचा वाद या कारणाशीं आहे. इस्रायलांतील गालील सरोवराच्या कांठीं ओहालो येथें सुमारें २३,००० वर्षांपूर्वींची वस्ती सांपडली. शेतीचा धंदा सुरू होण्याच्या हजारों वर्षें आधींच्या त्या झोंपड्यांत रानटी जवाचे व गव्हाचे दाणे आणि दळण्याचा पाटाही निघाला! टांझानियांतील हाड्झा लोक शिकारीबरोबर कंद व मध खातात. ध्रुवप्रदेशांतील इन्युइट मात्र मांस व चरबी यांवर जगत, हेंही खरें. स्टेफान्सन या प्रवाशानें १९२८ सालीं न्यूयॉर्कांत वैद्यांच्या देखरेखीखालीं वर्षभर तसा आहार घेऊन दाखविला. चरबी काढलेलें मांस दिलें तेव्हां त्याचें पोट बिघडलें, ही गोष्ट उपदेशक सहसा सांगत नाहींत. सारांश, ज्या भूमीनें जें दिलें तें पूर्वजांनीं खाल्लें. मधुमेही माणसानें वैद्याच्या सल्ल्यानें धान्य कमी करावें, त्यास आमची हरकत नाहीं. परंतु आमची उभी नोकरी पीकपाहणी लिहिण्यांत गेली. ज्या खातेदाराच्या घरीं तूप सणासच दिसतें, त्यानें घरची ज्वारी विकून तुपाचा डबा आणावा, हा हिशेब आम्हांस जुळवितां येत नाहीं.