हरलो, ते बरंच झालं!

बेसबॉलमध्ये एकदा बाहेर काढलेला गोलंदाज त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. म्हणून थोडक्या आघाडीवरचा सामना राखायला शेवटच्या, नवव्या डावात ताज्या दमाचा गोलंदाज उतरवतात. हा 'क्लोजर'. काम मोजक्या मिनिटांचं. जिंकलं तर संघ जिंकला, हरलं तर हा हरला!

पनामातल्या कोळ्यांच्या गावात वाढलेला मारियानो रिव्हेरा १९९५ ते २०१३ न्यूयॉर्क यांकीजकडून खेळला. ऐनवेळी वळणारा त्याचा 'कटर' येणार हे ठाऊक असूनही फलंदाजांच्या बॅटी मोडत. त्याने ६५२ सामने असे राखले. २०१९ मध्ये 'हॉल ऑफ फेम'साठी सर्वच्या सर्व मतं मिळवणारा तो पहिला खेळाडू!

पण ४ नोव्हेंबर २००१ ची रात्र वेगळी होती. अ‍ॅरिझोनाविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा निर्णायक सामना, यांकीज २-१ ने पुढे आणि चेंडू रिव्हेराच्या हाती. आधी त्याचीच एक फेक चुकली. मग लुइस गोन्झालेसचा अर्धवट लागलेला फटका क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून पडला. ३-२. हातातला किताब गेला.

त्याचा सहकारी एन्रिके विल्सन विजयाची मिरवणूक आटोपून १२ नोव्हेंबरच्या विमानाने डॉमिनिकन रिपब्लिकला घरी जाणार होता. आता कसली मिरवणूक? तो आधीच निघून गेला. ते विमान न्यूयॉर्कहून उडाल्यावर लगेचच कोसळलं. आतले २६० च्या २६० जण दगावले.

रिव्हेरा पुढे म्हणाला, आपण हरलो याचा मला आनंदच आहे. माझा मित्र तर वाचला.