फिरतीच्या व्यापाऱ्याने जुनी डिझेल गाडी घ्यावी काय?

गाडीतच बिछाना, चूल आणि न्हाणी बसवून मुलुखगिरीला निघण्याची हौस अलीकडे बरीच वाढली आहे. महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही जाहीर केले. आम्हा कापडवाल्यांना याचे थोडे हसू येते. रामटेकची यात्रा, ताजबागचा उर्स, सावनेर-उमरेडचे बाजार करणाऱ्या फेरीवाल्याचे निम्मे आयुष्य गाडीतल्या गठ्ठ्यांवर झोपूनच जाते. त्याला हौस कोणी म्हटले नाही.

हल्ली आमच्या दुकानी माल उचलायला येणारे तरुण हमखास विचारतात की, नवी गाडी परवडत नाही, जुनी डिझेल व्हॅन घेऊ काय? आमचे मत असे की, अवश्य घ्यावी. लॉजचे भाडे वाचते, माल नजरेसमोर राहतो. परंतु जवळची सगळी पुंजी गाडीत घालू नये. दीड लाखाची गाडी घ्यायची तर निदान पन्नास हजार मिस्त्रीच्या नावाने बाजूला ठेवावे. तेवढे नसतील तर आणखी एक हंगाम भाड्याच्या टेम्पोवर काढावा.

हे शहाणपण आम्हांला फुकट मिळालेले नाही. 2019 साली आम्ही बंद बॉडीची एक जुनी डिलिव्हरी व्हॅन घेतली. रंग ताजा, सीट कव्हर नवे, इंजिन एका चावीत सुरू. सौदा झाला. पहिल्याच पावसात उमरेडच्या वाटेवर टपाच्या सांध्यातून पाणी झिरपले आणि खालच्या दोन गाठी चादरी रात्रभर भिजत राहिल्या. सकाळी उघडून पाहतो तो लाल रंग पांढऱ्यात उतरलेला. पुढे पत्रा खरवडला तेव्हा रंगाखाली बोटभर लांबी आणि त्याखाली सडका पत्रा निघाला. इंजिनचे काम त्याहून महागात पडले. आम्ही गेलो तेव्हा बॉनेट गरम होते, म्हणजे विकणाऱ्याने आधीच ते चालवून ठेवले होते. कापडाचा ताणा-बाणा बोटाने ओळखणारे आम्ही, इथे रंगावर भुललो.

म्हणून गाडी पाहायला सकाळी, न कळवता जावे. इंजिन थंड असताना सुरू करायला सांगावे. थंडीत जुने डिझेल इंजिन थोडा पांढरा धूर देते, त्याचे भय नाही. पण गरम झाल्यावरही पांढरा धूर जात नसेल तर पाणी आत जात असण्याचा संशय घ्यावा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा असेल तर एअर फिल्टर, नोझल किंवा पंप तपासावा. चालू इंजिनवर ऑइलचे झाकण उघडून पाहावे. तिथून जोराने वाफारे येत असतील तर रिंग-पिस्टनचे काम जवळ आले असे समजावे. आणि गाडी अशी घ्यावी जिचे सामान मिळते. बजाज टेम्पोच्या मॅटाडोर केव्हाच बंद झाल्या, तरी 1986 ला आलेली टाटा 407 किंवा ट्रॅव्हलर खेड्यातला मिस्त्रीसुद्धा डोळे मिटून खोलतो. आडमार्गावर याचीच किंमत कळते.

दिल्लीकडची गाडी स्वस्त मिळते असे सांगणारे दलाल भेटतील. ती स्वस्त का, हे समजून घ्या. 2015 साली हरित लवादाने तिकडे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली, 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने तीच भूमिका घेतली, आणि तो माल बाहेरच्या राज्यांत उतरू लागला. त्यावर ना-हरकत दाखला, इथली नोंदणी आणि कर यांचा खर्च धरला की स्वस्ताई बरीच आटते. शिवाय जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस काढावे लागते, आणि 15 वर्षांवरच्या गाडीची फी 2022 पासून भलतीच वाढली आहे. चेसिस नंबर कागदाशी स्वतः ताडून पाहावा, बँकेचा बोजा उतरला आहे याची खात्री करावी, आणि नाव आपल्यावर चढल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. तोंडी इमानावर आम्ही उधारी देतो, ती माणूस ओळखीचा असतो म्हणून.

गाडीत कायमची चूल, पलंग ठोकून बसवायचे तर आरटीओची परवानगी लागते; परवानगीशिवाय फेरफार केला तर अपघातानंतर विमा कंपनी बोट दाखवायला मोकळी. आम्ही सुटी फळ्यांची माच ठेवली आहे. रात्री घालतो, सकाळी काढतो. बंद गाडीत शेगडी पेटवून किंवा इंजिन चालू ठेवून मात्र कोणी झोपू नये. त्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही. थंडीत रामटेकला मुले हे सर्रास करतात, पाहून अंगावर काटा येतो.

देखभालीचे म्हणाल तर नागपूरच्या मे महिन्यात पहिला बळी रेडिएटरचा जातो. एप्रिल लागण्याआधी तो साफ करून घ्यावा, पंख्याचा पट्टा पाहावा. पावसाळ्यात डिझेल फिल्टरखालचे पाणी वरचेवर सोडावे. टाकी तळाला जाऊ देऊ नये, एकदा लाइनने हवा घेतली की हातपंप मारून हात दुखतात. आमच्या व्हॅनचा टप आम्ही तेव्हाच नव्याने बसवून घेतला. तरी पावसाळ्यात खालच्या गाठी अजून लाकडी फळीवरच ठेवतो, आणि वर ताडपत्री.